पोटॅशचा भाव कोण ठरवतो?

मागच्या पावसाळ्याच्या तोंडाशी एक तात्या तालुक्याच्या कोर्टात माझ्याकडे आले होते. काम वेगळेच होते. बांधावरून भावकीशी वाद आणि त्यातून आलेली नोटीस. पिशवीतून कागद काढताना त्यांच्या हातून खताच्या दुकानाची पावती खाली पडली. वकिलाची खोड अशी की समोर आलेला कागद वाचल्याशिवाय राहवत नाही. तीन गोण्या युरिया, एक गोणी दहा-सव्वीस-सव्वीस आणि त्याखाली कसल्यातरी द्रवरूप टॉनिकची एक बाटली. तात्यांची सगळी मिळून एक एकर जमीन, तीही वतन गेल्यावर आजोबांच्या नावावर लागलेली, आणि त्यात ऊस.

मी विचारले, "तात्या, पोटॅश नाही घेतलं?"

"लाल पोटॅश? वकीलसाहेब, त्याच्या एका गोणीत माझ्या युरियाच्या सहा गोण्या येत्यात. सोडलं ते."

"आणि ही बाटली कशाला?"

"ती घेतली नाय तर दुकानदार युरिया सोडत नाय."

एका पावतीत खताचे सगळे राजकारण आले. जे पिकाला हवे ते परवडत नाही आणि जे नको ते गळ्यात मारले जाते. आपल्या चळवळीत जमिनीवर खूप बोलले जाते आणि ते योग्यच आहे. दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीनांच्या सत्याग्रहापासून आजच्या गायरानाच्या मोर्चांपर्यंत जमीन हा आपला प्रश्न राहिला आहे. पण जमीन मिळाल्यावर तिच्यात घालायचे काय आणि त्याचा भाव कोण ठरवतो, यावर आपल्या सभांमध्ये कोणी बोलताना मी ऐकलेले नाही. खताचा विषय आपण साखर कारखान्याच्या संचालकांवर आणि शेतकरी संघटनांवर सोडून दिला. म्हणून आज पोटॅशवर लिहितो आहे.

पोटॅश हा शब्द मुळात भांडे आणि राख या अर्थाच्या दोन इंग्रजी शब्दांपासून झाला. लाकडाची राख पाण्यात भिजवायची आणि ते पाणी लोखंडी भांड्यात आटवायचे, की तळाशी क्षार उरतो. साबण आणि काच करायला तो लागे. अमेरिकेने १७९० साली पहिले पेटंट दिले तेच मुळी हा क्षार काढण्याच्या सुधारित पद्धतीला. आपल्याकडे आई-आजी चुलीची राख परसातल्या वांग्या-मिरचीला टाकत. त्यांना कोणी पेटंट दिले नाही, पण त्या देत होत्या तो पालाशच. पुढे जर्मनीत स्टासफुर्ट येथे जमिनीखाली या क्षाराचे थर सापडले, १८६१ पासून त्यांच्यावर प्रक्रिया करणारा कारखाना सुरू झाला आणि राखेचा धंदा खाणीचा धंदा झाला. आज दुकानात मिळणारे लाल पोटॅश, म्हणजे म्युरेट ऑफ पोटॅश, खाणीतलेच. त्यात ६० टक्के पालाश असतो.

नत्र घातले की आठ दिवसांत पान हिरवेगार दिसते, शेतकरी खूष होतो. पालाशचे काम असे डोळ्याला दिसत नाही. पानाची रंध्रे उघडायची-मिटायची आणि झाडातले पाणी राखायचे, पानात तयार झालेली साखर उसाच्या कांडीत किंवा केळीच्या घडात पोहोचवायची, खोडाला ताठपणा आणि रोगाला विरोध करण्याची ताकद द्यायची, हे पालाशचे काम. तो कमी पडला की जुन्या पानांच्या कडा आधी पिवळ्या पडतात, मग करपतात. शेतकऱ्याला वाटते उन्हाने करपले. पाऊस ओढ देतो तेव्हा ज्या पिकाला पालाश मिळाला ते थोडे जास्त तग धरते. म्हणजे ज्याच्याकडे विहीर नाही, कालवा नाही, त्याला याची गरज जास्त. आणि नेमका तोच ते सोडून देतो.

इथे कोणी कृषी पदवीधर म्हणेल की महाराष्ट्राच्या काळ्या जमिनीत पालाश मुळातच भरपूर आहे. त्यात तथ्य आहे. भारी काळ्या मातीतली चिकणमाती पालाश धरून ठेवते आणि माती परीक्षणाच्या अहवालात तो बहुधा 'जास्त' या रकान्यात येतो. पण वर्षानुवर्षे ऊस आणि केळी घेऊन तो साठा उपसला जातो, तो तसाच कायम राहत नाही. आणि दुसरे, आपल्या लोकांच्या वाट्याला काळी भारी जमीन आली किती? माळाची, मुरमाड, गायरानाची, ओढ्याकाठची हलकी जमीन आली. तिच्यात पालाश धरून ठेवणारी मातीच थोडी. कोकणातल्या जांभ्या जमिनीतून तर पावसाने तो धुऊनच जातो. म्हणून सरसकट सगळ्यांनी पोटॅश टाका असे माझे म्हणणे नाही. मातीची तपासणी करून घ्यावी आणि गरज असेल तिथे टाकावे. पण गरज आहे असे तपासणीत निघाले तरी ते विकत घेता आले पाहिजे, हा माझा मुद्दा आहे. शेणखतच घाला, रासायनिक खत नकोच, असा सल्ला देणारेही हल्ली पुष्कळ झाले आहेत. ज्याच्या दावणीला जनावरच नाही त्याने ते शेणखत कुठून आणायचे, हेही त्यांनी सांगावे.

आता हिशेब पाहू. आडसाली उसाला हेक्टरी ४०० किलो नत्र, १७० किलो स्फुरद आणि १७० किलो पालाश अशी राज्यातली शिफारस आहे. सगळा पालाश लाल पोटॅशमधून द्यायचा म्हटले तर एकराला सव्वादोन गोण्यांच्या थोडे वर लागते. २०१० च्या मार्चपर्यंत पोटॅशचा सरकारी विक्री दर टनाला ४,४५५ रुपये होता. म्हणजे ५० किलोची गोणी सुमारे २२३ रुपये आणि एकराचा खर्च ५१० रुपयांच्या आसपास. २०२२ साली तीच गोणी १,७०० रुपयांना गेली. एकराचा खर्च ३,९०० रुपये. त्यानंतर भाव थोडा खालीवर झाला, पण २२३ च्या जवळपास तो पुन्हा कधी आला नाही. आणि युरिया? ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैसे. तात्यांचे 'सहा गोण्या' हे गणित अगदी बरोबर होते.

हे आपोआप घडले नाही. १९७७ पासून खतांचे भाव सरकारी नियंत्रणाखाली होते. नव्या आर्थिक धोरणाच्या लाटेत, संयुक्त संसदीय समितीच्या शिफारशीनंतर, २५ ऑगस्ट १९९२ रोजी स्फुरद आणि पालाशयुक्त खते नियंत्रणमुक्त केली गेली. युरिया नियंत्रणात ठेवला. तरी पुढची काही वर्षे केंद्र सरकार पोटॅशचा कमाल दर सुचवीत असे आणि फरकाची रक्कम भरून देत असे. १ एप्रिल २०१० पासून अन्नद्रव्य आधारित अनुदान आले. तत्त्व असे की सरकार किलोमागे ठरावीक अनुदान देईल आणि विक्रीचा भाव कंपनी ठरवील. पहिल्या वर्षी पालाशला किलोमागे २४ रुपये ४८ पैसे अनुदान होते. २०२३ च्या रब्बीपासून ते किलोमागे २ रुपये ३८ पैसे झाले. एका गोणीत ३० किलो पालाश असतो, म्हणजे गोणीमागे ७१ रुपये. हे सगळे चालू असताना युरियाचा भाव मात्र हलू दिला नाही, कारण युरियाचा भाव वाढला की मते जातात. पोटॅशचा भाव वाढला तर शेतकरी ओरडत नाही, गप्प बसून सोडून देतो.

त्याचा परिणाम आकड्यांत दिसतो. २०१०-११ साली देशात सुमारे ३९ लाख टन पोटॅश विकले गेले. २०२२-२३ मध्ये ते सुमारे १६ लाख टनांवर आले. नत्र, स्फुरद आणि पालाश यांचे प्रमाण २००९-१० मध्ये साधारण ४.३ : २ : १ होते. तीन वर्षांत, म्हणजे २०१२-१३ मध्ये, ते ८.२ : ३.२ : १ झाले. ४ : २ : १ हे आदर्श प्रमाण म्हणून सांगितले जाते. प्रत्येक पिकाला आणि प्रत्येक मातीला तो एकच आकडा कसा लागू पडेल, हा प्रश्न आहेच. पण तीन वर्षांत प्रमाण दुपटीने बिघडते तेव्हा माती बदललेली नसते, दुकानातला भाव बदललेला असतो.

सरकारचे म्हणणे असे की जगातला भाव उतरला म्हणून अनुदान कमी केले. भाव उतरला हे खरे आहे. २०२२ मध्ये भारताने टनाला ५९० डॉलरने करार केला होता, २०२३ मध्ये ४२२ डॉलरने, २०२५ मध्ये ३४९ डॉलरने. पण ३४९ डॉलरचेही रुपये करा आणि गोणीला भागा. दीड हजाराच्या आसपास नुसती आयातीची किंमत येते. म्हणजे जागतिक भाव उतरल्याचा फायदा सरकारच्या तिजोरीला झाला, शेतकऱ्याच्या खिशाला नाही. गावातला दुकानदार इथे पोटॅशच्या भावात लुटतो आहे असे मी म्हणणार नाही. तो लुटतो बाटलीत. पोटॅशचा भाव त्याच्या हातात नाही. मग कोणाच्या हातात आहे?

आपला देश लागणारे लाल पोटॅश जवळजवळ सगळेच बाहेरून आणतो. जगातले दोन तृतीयांशाच्या आसपास पोटॅश कॅनडा, रशिया आणि बेलारूस या तीन देशांत निघते. उरलेल्यात जर्मनी, इस्रायल, जॉर्डन, चीन. कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतातल्या कंपन्या 'कॅनपोटेक्स' या एकाच विक्री संस्थेमार्फत परदेशी माल विकतात. रशियाची 'उरालकाली' आणि बेलारूसची 'बेलारूसकाली' यांचीही बरीच वर्षे एकच विक्री कंपनी होती. म्हणजे विकणारे देश दोन-तीन आणि दुकाने दोन. भारत, चीन, ब्राझील हे मोठे गिऱ्हाईक. गिऱ्हाईक मोठे असून उपयोग काय, दुसरीकडे जायला जागा नाही.

ही दुकानदारी कशी चालत होती हे ती मोडली तेव्हा कळले. जुलै २०१३ च्या अखेरीस उरालकालीने बेलारूसबरोबरचा विक्रीचा संसार मोडला आणि आता आम्ही जास्त माल काढून विकू असे जाहीर केले. पोटॅशचे भाव घसरले, जगभरच्या पोटॅश कंपन्यांचे शेअर कोसळले. पुढच्याच महिन्यात उरालकालीचे प्रमुख अधिकारी बाउमगर्टनर यांना बोलणी करायला म्हणून मिन्स्कला बोलावले आणि तिथेच अटक केली. एका भागीदाराने हात काढून घेतला की भाव पडतो, याचा अर्थ आधीचा भाव खाणीतल्या खर्चावर ठरत नव्हता, हात धरून ठरत होता. नंतर २०२२ मध्ये भाव पुन्हा उसळला त्याचे कारण वेगळे होते. लिथुआनियाने बेलारूसचा माल आपल्या बंदरातून जाऊ देणे १ फेब्रुवारी २०२२ पासून बंद केले आणि त्याच महिन्यात रशियाने युक्रेनवर हल्ला केला. क्लायपेडा बंदर कुठे आहे हे आमच्या तात्यांना माहीत असण्याचे कारण नाही, पण त्यांच्या उसाचा पालाश तिथे अडला होता.

वकील म्हणून मला यातली एक गोष्ट फार टोचते. २००८ साली अमेरिकेत पोटॅशच्या खरेदीदारांनी या कंपन्यांवर संगनमताचा दावा लावला. त्यांचे म्हणणे असे होते की कंपन्यांनी चीन, भारत आणि ब्राझील यांच्यावर लादलेला चढा भाव हाच मापदंड केला आणि त्यावरून अमेरिकेतला भाव चढवला. २०१२ मध्ये तिथल्या सातव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने हा दावा चालवण्यासारखा आहे असा निर्णय दिला. २०१३ मध्ये कंपन्यांनी आरोप मान्य न करता कोट्यवधी डॉलर देऊन तडजोड केली. म्हणजे भारताने मोजलेला चढा भाव अमेरिकेच्या कोर्टात पुरावा म्हणून मांडला गेला आणि भरपाई अमेरिकन खरेदीदाराला मिळाली. ज्याच्या खिशातून मुळात पैसा गेला तो त्या दाव्यात वादीही नव्हता आणि साक्षीदारही नव्हता.

आपल्याकडे कायदा नाही का? आहे. स्पर्धा कायदा २००२ च्या कलम ३२ प्रमाणे करार परदेशात झाला असला, तरी त्याचा परिणाम भारतातल्या बाजारावर होत असेल तर स्पर्धा आयोगाला चौकशीचा अधिकार आहे. त्याच कायद्याच्या कलम ३(५) मध्ये आपल्या निर्यातदारांना केवळ निर्यातीपुरता करार करायला सूट दिली आहे. कॅनडाच्या कायद्यातही निर्यातीच्या करारांना अशीच सूट आहे. प्रत्येक देश आपल्या विकणाऱ्याला सांभाळतो. मग आपल्या विकत घेणाऱ्याला सांभाळायला कलम ३२ वापरायचे कोणी? या कलमाच्या जोरावर एखाद्या पोटॅश कंपनीकडून दमडी वसूल होऊन ती शेतकऱ्यापर्यंत आली, असे मी तरी पाहिलेले नाही. देशातल्या भावाचेही तेच. जीवनावश्यक वस्तू कायद्याखालच्या खत नियंत्रण आदेश १९८५ च्या खंड ३ मध्ये कोणत्याही खताची कमाल किंमत अधिसूचना काढून ठरवण्याचा अधिकार केंद्र सरकारला आहे. नियंत्रणमुक्ती हे धोरण आहे, तो अधिकार पुस्तकातून गेलेला नाही. मात्र कमाल किंमत ठरवायची तर फरक सरकारने भरला पाहिजे, नाहीतर कोणी आयातच करणार नाही. म्हणजे प्रश्न पुन्हा अनुदानावरच येतो.

ज्यांच्या जमिनीत पोटॅश आहे ते काय करतात हेही पाहा. सस्कॅचेवानच्या सरकारने १९७५ साली स्वतःची पोटॅश कंपनी काढली आणि खाणी विकत घेतल्या. १९८९ मध्ये तिचे खाजगीकरण झाले. पुढे २०१० मध्ये बीएचपी बिलिटन या खाण कंपनीने ती ३८.६ अब्ज डॉलरला घ्यायचा घाट घातला, तेव्हा बाजाराचे गोडवे गाणाऱ्या कॅनडाच्या सरकारने देशहिताचे कारण देऊन तो व्यवहार रोखला. खनिज आपले असेल तर बाजाराचे तत्त्वज्ञान बाजूला ठेवता येते. आपल्याकडे राजस्थानच्या नागौर-गंगानगर पट्ट्यात खोलवर पोटॅशचे साठे आहेत. २०२३ च्या खाणकाम कायद्यातील दुरुस्तीने पोटॅश महत्त्वाच्या खनिजांत गेले आणि त्याच्या लिलावाचा अधिकार केंद्राकडे आला. म्हणजे खाण सुरू होण्याआधीच ती लिलावात जाणार.

बाबासाहेबांनी मार्च १९४७ मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने संविधान सभेसाठी 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' हे निवेदन तयार केले. त्यात शेती हा राज्याचा उद्योग असावा आणि जमीन जातधर्म न पाहता कसायला द्यावी, ही मागणी आपण सगळे सांगतो. त्याच कलमात पुढे राज्याने या शेतांना पाणी, जनावरे, अवजारे, बियाणे आणि खत पुरवलेच पाहिजे असे बंधन घातले आहे, ते मात्र भाषणात येत नाही. ही खैरात नव्हती. शेतीच्या उत्पन्नातून आकार घेण्याची सोयही तिथेच होती. १९१८ च्या लहान शेतजमिनींवरच्या निबंधातही बाबासाहेबांनी हेच धरले होते की शेत लहान की मोठे हे नुसत्या एकरांवर ठरत नाही, त्यात घालायला भांडवल आणि साधने किती आहेत यावर ठरते. तात्यांच्या एक एकराला पालाश मिळाला तर ते एक एकर, नाहीतर ते पाऊण एकरसुद्धा नाही. महाराष्ट्र सरकारने २०१७ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजना चालवली. ती विहीर देते, पंप देते, ठिबक देते. चांगलेच आहे. पण ती विहिरीजवळ थांबते. दर हंगामाला लागणारे खत तिच्यात नाही, आणि सातबारा नसणाऱ्याला तर ती दारातच उभी करत नाही.

आता आपल्या जिल्ह्याजिल्ह्यांतल्या राखेकडे येऊ. ऊस जमिनीतून पालाश ओढून घेतो. साखरेत तो उतरत नाही, मळीत राहतो. मळीपासून डिस्टिलरीत अल्कोहोल काढले की तो स्पेंट वॉशमध्ये राहतो. हे काळे पाणी ओढ्या-नाल्यांत सोडून कारखान्यांनी किती गावांच्या विहिरी नासवल्या ते वेगळे सांगायला नको. आता ते आटवून खास बॉयलरमध्ये जाळतात आणि जी राख उरते तिच्यात पालाश असतो. १३ ऑक्टोबर २०२१ रोजी केंद्राने या राखेला, म्हणजे मळीपासूनच्या पोटॅशला, १४.५ टक्के पालाशचे खत म्हणून अनुदानाच्या यादीत घेतले. जानेवारी २०२४ मध्ये साखर कारखाने आणि खत कंपन्या यांच्यात टनाला ४,२६३ रुपये भाव ठरला. वर कारखान्याला टनाला ३४५ रुपये अनुदान. वर्षाला सुमारे ५ लाख टन अशी राख विकली जाते आणि ती दुपटीवर जाऊ शकते, असे तेव्हा सरकारनेच सांगितले.

टनात १४५ किलो पालाश धरा. कारखान्याच्या दारात पालाशचा भाव पडला किलोला २९ रुपये. लाल पोटॅशच्या १,७०० रुपयांच्या गोणीत तो पडतो ५६ रुपयांच्या वर. मधला फरक गोणी भरणे, वाहतूक आणि कंपनीचे नाव यांत जाणार. ५ लाख टन राखेतला पालाश सव्वा लाख टन लाल पोटॅशच्या जवळपास भरतो. आयात त्याने बंद होणार नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण भाव ठरवायला टेबलावर कोण बसले होते? कारखाना आणि कंपनी. ज्याच्या शेतातून तो पालाश उसाबरोबर गाडीत भरून गेला, त्याला बोलावले नव्हते. ऊसदराच्या महसूल वाटपात साखर, बगॅस, मळी आणि प्रेसमड धरतात. डिस्टिलरीच्या बॉयलरमधली राख त्या हिशेबात येत नाही. म्हणजे तात्यांच्या जमिनीतला पालाश कारखान्याने नेला, त्याचे खत केले, ते कंपनीला विकले आणि तात्यांनी तो पुन्हा विकत घ्यायचा. ऊस तोडायला जाणाऱ्या आपल्या मायबहिणींनी कोयत्याने तोडून मोळी बांधली, त्या मोळीतच तो होता. माझे म्हणणे साधे आहे. ज्या सभासदाने किंवा वाटेकऱ्याने जेवढा ऊस घातला त्या प्रमाणात राखेचे खत त्याला त्या २९ रुपयांच्या हिशेबाने कारखान्यावरच मिळावे. प्रेसमड ट्रॉलीने देता येतो तर राख का देता येणार नाही?

वाटेकरी हा शब्द मी मुद्दाम वापरला. खतावरचे अनुदान आज कंपनीला मिळते आणि दुकानात पॉस मशीनवर अंगठा लावणारा कोणीही खत घेऊ शकतो. त्यात गळती आहे, युरिया कारखान्यांना पळवला जातो, हे खरे. पण याच पद्धतीमुळे बटईने कसणारा आणि गायरान कसणारा आपला माणूस निदान गोणी घेऊन येऊ शकतो. महाराष्ट्रात १५ एप्रिल २०२५ पासून कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला आणि तो निघतो सातबाऱ्यावरून. खतही जमिनीच्या नोंदीप्रमाणे मोजून द्यावे, अशी चर्चा वारंवार होते. ऐकायला ती चोख वाटते. पण १४ एप्रिल १९९० पर्यंतची गायरानावरची अतिक्रमणे नियमित करा असा शासन निर्णय २८ नोव्हेंबर १९९१ रोजी निघाला आणि आजही कितीतरी घरे सातबाऱ्यासाठी तहसीलच्या पायऱ्या झिजवत आहेत. पस्तीस वर्षे कसूनही ज्याचे नाव लागले नाही, त्याला उद्या मशीन म्हणणार की तुझी जमीनच नाही, तुला खत कशाला? पोटॅश तर सोडाच, युरियाही जाईल.

मशीन काय काय विचारू शकते हे सांगली जिल्ह्याने मार्च २०२३ मध्ये पाहिले आहे. खत घ्यायला गेलेल्या शेतकऱ्याला पॉस मशीन जातीचा प्रवर्ग विचारू लागले. तत्कालीन विरोधी पक्षनेते अजित पवार यांनी विधानसभेत हा विषय काढला आणि गदारोळ झाला. तेव्हा आपल्यापैकी काहींनी मला विचारले की आपणच तर आकडेवारी मागतो, मग विरोध का? आकडेवारी मी आजही मागतो. अनुदानाच्या हजारो कोटींपैकी अनुसूचित जातीच्या कसणाऱ्यापर्यंत किती गेले, हे कळलेच पाहिजे. पण ती जमवायची रीत असते. कृषी गणना आहे, नमुना पाहणी आहे, जिथे नाव आणि जात वेगळी ठेवून मोजता येते. गावच्या दुकानात, रांगेत उभ्या असलेल्या सगळ्यांसमोर, ज्याच्याकडे आधीची उधारी बाकी आहे त्या दुकानदाराने जात विचारायची, ही मोजणी नव्हे. आपल्या माणसाला त्या दुकानात आधीच शेवटी गोणी मिळते.

तात्यांच्या बांधाचा दावा अजून चालू आहे. खताच्या बाबतीत मी दोन कागद तयार केले. पहिला बाटलीचा. युरियाबरोबर दुसरा माल सक्तीने देण्याबद्दल लेखी तक्रार, खत निरीक्षक म्हणून काम पाहणाऱ्या तालुक्याच्या कृषी अधिकाऱ्याकडे. आपल्या कार्यकर्त्यांनी हे लक्षात ठेवावे की खत नियंत्रण आदेशाप्रमाणे दुकानदाराने साठा आणि भाव यांचा फलक लावला पाहिजे आणि पक्की पावती दिली पाहिजे. पावती नसेल तर तक्रार उभी राहत नाही. तात्यांच्या नशिबाने बाटली पावतीवर लिहिलेली होती.

दुसरा कागद राखेचा. सहकारी कारखान्याकडे थेट माहिती अधिकारात अर्ज केला की ते २०१३ च्या थलप्पलम निकालाचा आधार घेऊन, आम्ही सार्वजनिक प्राधिकरण नाही, असे उत्तर देतात. म्हणून अर्ज प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि साखर आयुक्तालयाकडे केला, कारण कायद्याच्या कलम २(च) प्रमाणे त्यांना जी माहिती कारखान्याकडून घेता येते ती आपल्यालाही मागता येते. मागितले आहे एवढेच की गेल्या तीन गाळप हंगामांत आमच्या भागातल्या डिस्टिलरीतून किती टन राख निघाली, ती कोणाला आणि कोणत्या भावाने विकली. मंडळाने अर्ज एकदा दुसऱ्या कार्यालयाकडे वर्ग केला आहे. मी पहिल्या अपिलाचा मसुदा करून ठेवला आहे. बाटली तात्यांच्या घरी कोनाड्यात आहे. तिचे सील तोडू नका असे त्यांना सांगितले आहे.